वेळेचा रकाना

तळघरातल्या आमच्या खोलीला खिडकी नाही. इस्पितळाचं मुख्य दार ओलांडलं की डाव्या हाताला जिना खाली उतरतो. अर्ध्या जिन्यापर्यंत फिनेलचा वास सोबत येतो, मग तो मागे राहतो आणि गरम धातूचा, तापलेल्या धुळीचा वास सुरू होतो. तिथे आमची यंत्रं आहेत. ती एका सुरात घुमत असतात. नवीन माणसाचं पहिला आठवडा डोकं उठतं, मग हळूहळू तो आवाज कानाला लागेनासा होतो. मी तिथे अकरा वर्षं काढली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आज आहे असंही मी म्हणणार नाही. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगते, कारण नोंद ठेवणं हाच माझा पेशा आहे.

त्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी एका अगदी साध्या कामासाठी खाली उतरले होते. लायब्ररीची नवी आवृत्ती बसवायची होती.

लायब्ररी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पुस्तकांची कपाटं येतात. माझ्या मावशीला तर अजून वाटतं की मी ग्रंथपाल आहे आणि कंजूष ग्रंथपाल आहे, कारण तिला मी एकही पुस्तक आणून दिलेलं नाही. तसं नाही ते. पलंगाशेजारी नाडी मोजणारी यंत्रं, कार्ड दाखवलं की उघडणारी दारं, औषधांची कुलूपबंद कपाटं, असं इस्पितळातलं सगळं आमच्या चमूने घडवलेल्या एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. तिच्या पोटात एक छोटासा भाग असतो आणि त्याला फक्त लिहायचं माहीत. कपाट कोणी उघडलं, लिही. दार किती वाजता लागलं, लिही. उद्या काही बरंवाईट झालं तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या नोंदींवरून ठरतं. लिहिणारा तो भाग म्हणजे आमची लायब्ररी, आणि ती माझ्या ताब्यात होती.

जुन्या आवृत्तीत एक खोट होती. ती काही नोंदी चक्क टाकून द्यायची आणि महिनाअखेर निर्लज्जपणे आकडा सांगायची: हरवलेल्या नोंदी, सतरा. गर्दीत जागा पुरत नसेल म्हणून गळत असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तपासणीला आलेल्यांनी त्या सतरावर लाल शेरा मारला. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, मला बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी तिथे शून्य दिसलं पाहिजे.

माझ्या शेजारच्या टेबलावर कात्री बसतो. दुसऱ्याने लिहिलेलं काही दिसलं की कापायला धावतो, म्हणून कात्री.

“लाखो नोंदींत सतरा गेल्या तर काय आभाळ कोसळतंय?” तो म्हणाला.

“गेल्या कुठे, ते तरी कळायला हवं की नको?” मी म्हटलं.

हा हट्ट माझ्या वडिलांकडून आलेला. आबांनी एका कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं काढली. त्यांच्या टेबलावर एक लांबट वही असायची, तिच्यात दोनच रकाने. नाव आणि वेळ. माणूस फाटकाशी आला की आधी नाव लिहायचं. मग त्याला उभं करून एकदा नीट न्याहाळायचं. सगळं ठीक असलं की घड्याळ बघून वेळ टाकायची, आणि वेळ लिहून झाल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. एकदा शाई संपली म्हणून त्यांनी खुद्द मालकाची गाडी अर्धा तास फाटकाबाहेर उभी केली होती. वेळ टाकताच येत नाही तर दार उघडू कसं, हा त्यांचा सवाल होता. मालकाने डोक्याला हात लावला आणि स्वतःचं पेन दिलं.

चार महिने खपून मी आबांची ती वही जशीच्या तशी लायब्ररीत उतरवली. कुठलीही गोष्ट व्हायची तर आधी तिचं नाव लिहिलं जाणार. मग वेळेचा रकाना भरला जाणार. तो भरल्यावरच ती गोष्ट होणार. लिहायला जागा नसेल तर नोंद टाकून द्यायची नाही, ज्याची नोंद आहे त्याने थांबायचं.

“अगं, हे इस्पितळ आहे,” कात्री ओरडला. “कोणाचं औषध अडकलं तुझ्या रकान्यासाठी म्हणजे?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते मानलं. नाडीची यंत्रं, दारं आणि कपाटं यांना मी सूट दिली. त्यांची जागा कायम राखलेली, त्यांना क्षणभरही थांबावं लागणार नव्हतं. उरलेलं, म्हणजे ज्याचा प्रकार माझ्या यादीत नाही असं जे काही असेल, त्याने मात्र वेगळ्या रांगेत उभं राहायचं. अनोळखी माणसाला आधी थांबवा, हेही आबांचंच. यादीत नसलेलं असं काय येणार आहे, असं कात्रीने विचारलं होतं. मी म्हटलं, काहीच नाही.

तेव्हा आबा आमच्याच इस्पितळात होते. तिसरा मजला, पलंग अकरा. फुप्फुसं थकली होती. तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टर आता आमच्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. आई दिवसभर त्यांच्याजवळ बसायची. मी दुपारी डबा घेऊन वर जायचे आणि आबांना लायब्ररीच्या गोष्टी सांगायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण वहीचं सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले होते आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

मंगळवारी सकाळी मी रांगा चाळत होते. अनोळखी रांगेत एक नोंद होती.

तिसरा मजला, पलंग चार. कोणत्या यंत्राने कळवलं, तो रकाना रिकामा. कृती, बाहेर. नावाच्या रकान्यात एका बाईचं पूर्ण नाव, आणि ते लिहिलं गेल्याची खूण सकाळी नऊ बावीसची. वेळेचा रकाना कोरा होता.

कोणीतरी घरी सोडायच्या पेशंटची नोंद भलत्या ठिकाणी टाकलीय, असं मला वाटलं. मी जेवायला गेले, परत आले, तर रकाना भरलेला. एक पस्तीस. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरना फोन लावला आणि विचारलं, चार नंबरच्या बाईंना कधी सोडलं?

“सोडलं नाही हो ताई,” सिस्टर म्हणाल्या. “गेल्या त्या. आत्ता, एक पस्तीसला.”

एखादी गोष्ट एकदा घडली तर मी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बुधवारी पलंग एकोणीस आला. नाव सकाळी आठला, वेळ दुपारी तीनला. तीनला एकोणीस नंबरचे गृहस्थ गेले. गुरुवारी अकरा वाजता पलंग सत्तावीसचं नाव उमटलं आणि मला हायसं वाटलं, कारण सत्तावीसमध्ये अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन झालेला एक धडधाकट माणूस होता. मी मुद्दाम वर जाऊन त्याला बघून आले. तो संत्रं सोलत बसला होता. मला त्याने दोन फोडी दिल्या आणि इथला चहा पिऊन माणूस आजारी पडेल, म्हणाला. पाच वाजता त्याच्या छातीत काहीतरी अडकलं. सव्वापाचला खाली माझ्या पडद्यावर वेळ भरली गेली.

त्या संध्याकाळी मी जुनी कागदपत्रं काढली. गेल्या महिन्यात हरवलेल्या नोंदी सतरा. गेल्या महिन्यात इस्पितळात झालेले मृत्यू, सतरा. त्याआधीच्या महिन्यात बावीस, आणि बावीस. मी अकरा वर्षं मागे गेले. एकाही महिन्यात एकाचाही फरक नव्हता. गर्दीमुळे काहीच गळत नव्हतं. जुन्या लायब्ररीला ती नोंद ओळखता येत नव्हती, एवढंच.

कात्रीला दाखवलं. त्याने दोनदा मोजलं, मग खुर्ची मागे सरकवली.

“हे बंद कर,” तो म्हणाला. “जुनी आवृत्ती परत टाक. आजच.”

“उद्या टाकते,” मी म्हटलं. मला अजून एकदा बघायचं होतं. माझी जित्याची खोड.

शुक्रवारी नऊ चाळीसला पलंग अकरा उमटला. कृती, बाहेर. नावाच्या रकान्यात आबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. वेळेचा रकाना कोरा.

 यंत्रं घुमत होती आणि कित्येक वर्षांनी तो आवाज मला पुन्हा ऐकू यायला लागला होता. मी किती वेळ तशी बसून होते कोण जाणे. मग एकदम लख्ख कळलं की वेळ टाकल्याशिवाय काहीच होत नाही. तो नियम मी स्वतः लिहिला होता. वेळ लिहायला जागाच नसेल, तर थांबायचं.

मी अनोळखी रांगेत वेळ लिहायची जागा शून्य केली. बाकी इस्पितळाला त्याने धक्काही लागला नाही, दारं उघडत होती, कपाटं उघडत होती. फक्त त्या एका रांगेतला दुसरा रकाना आता कोणालाच भरता येणार नव्हता.

मी तळघरातून तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत चढले. आबांचा श्वास घरघरत होता. सिस्टरनी पडदा ओढून घेतला होता आणि आई त्यांचा तळवा चोळत होती. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलवून घ्या. नाडी चाळीसवर आली, तिसावर आली, वीसवर आली. आणि वीसवर थांबली. पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला, संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी यंत्रावर टिचकी मारली, दुसरं यंत्र आणवलं. वीस.

“चमत्कार म्हणायचा,” ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

मला झाला होता. खोटं कशाला बोलू? मी जिन्यात उभी राहून तोंडात ओढणी कोंबून रडले आणि हसले. मी माझ्या बापाला अडवून धरलं होतं. जगात कोणाच्या लेकीला हे जमलं असेल?

पुढचे नऊ दिवस इस्पितळात एकही माणूस गेला नाही. खाली रांगेत नावं मात्र येत होती. पलंग सहा. पलंग बावीस. दुसऱ्या मजल्यावरचा पलंग तीन. नाव लिहिलं जायचं, वेळ कोरी राहायची. तिसऱ्या दिवशी सिस्टर हसत म्हणाल्या की यमाने संप पुकारलेला दिसतोय. पाचव्या दिवशी त्यांनी हसणं सोडलं. सातव्या दिवशी त्यांनी मला जिन्याच्या वळणावर गाठलं.

“ताई, तुमच्या यंत्रांत काही बिघाड आहे का?”

“का हो?”

“सहा नंबरच्या आजोबांची नाडी लागत नाही. दोन दिवस झाले. यंत्रावर नाही... हाताला नाही. अंग गार पडलंय.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “पण ते पाणी मागतात हो. डोळे उघडे ठेवून... पाणी मागतात.”

मी काहीतरी पुटपुटले, तपासते म्हणाले. मला माहीत होतं काय बिघडलंय ते.

आठव्या दिवशी मी वॉर्डात शिरले आणि दारातच थबकले. दुपारचे दोन वाजले होते, खिडक्यांतून चांगलं ऊन येत होतं. फिनेलच्या वासाखाली दुसराच एक वास होता, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. बाकीचे पेशंट भिंतीकडे तोंड करून निजले होते, कोणी डोक्यावरून चादर घेतली होती. पण सहा नंबरची मान दाराकडे वळलेली होती. बावीसची दाराकडे. आबांचीही दाराकडे. मला वाटलं, माझ्याकडेच बघताहेत. मी बाजूला सरकले. नजरा जागच्या हलल्या नाहीत.

नवव्या दिवशी आबा बोलले. आई हात धुवायला गेली होती.

“पाय दुखतात गं,” ते म्हणाले. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

“चेपून देऊ का, आबा?”

“चेपून काय होणार... उभं राहून राहून दुखतात. फाटकाशी.” ते थांबले. पुढचा श्वास यायला इतका वेळ लागला की मीच माझा सोडला. “माझ्यामागे सहा जण खोळंबलेत.”

रांगेत आबा धरून सात नावं होती. तो आकडा मी कोणालाही सांगितला नव्हता, कात्रीलासुद्धा नाही.

“फाटकावर कोण आहे, आबा?”

“कोणी नाही. खुर्ची रिकामी आहे... वही उघडी आहे. माझं नाव लिहिलेलं दिसतंय. वेळ टाकायला कोणी येत नाही.”

मी त्यांच्या पायांवर हात ठेवला. ते लाकडासारखे गार होते.

“तू अडवलंयस ना?”

“हो.”

“का गं?”

“तुम्ही हवे आहात म्हणून.” एवढंच आलं तोंडातून. चाळिशीच्या बाईने शाळकरी पोरीसारखं बोलावं तसं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान दाराकडेच होती. “एकतीस वर्षांत मी कोणाला माझ्या हौसेने अडवलं नाही, बाळा. अडवलं ते नियमाने.” मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, “पलीकडच्या बाजूलाही कोणीतरी येऊन थांबलंय. दोन दिवस झाले. नाव विचारलं तर सांगत नाही... नुसतं फाटकाच्या फटीतून बघतं. तू लवकर उघड. ते तिथे रुळायच्या आत उघड.”

आई परत आली. आबांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

मी खाली जाऊन लॅपटॉप घेऊन आले आणि त्यांच्या पलंगाशी बसले. आईला वाटलं, ऑफिसचं काम असेल. तिने सरकून मला जागा दिली. मी एका हातात आबांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने रांगेची जागा मोकळी करायची आज्ञा लिहिली. ती पाठवायचं बटण दाबायला मला सव्वा तास लागला. मनात म्हटलं, अजून एक तास राहू दे. अजून एक श्वास राहू दे. मग सहा नंबरचे आजोबा पलीकडून म्हणाले, “पाणी...”, आणि मी बटण दाबलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आबांनी श्वास सोडला आणि परत घेतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, दिवसभराचं काम आटोपून बूट काढल्यावर उतरायचा तसा. त्याच क्षणी पलंग सहाची घंटा वाजली. मग बावीसची. मग वरच्या मजल्यावरची, खालच्या मजल्यावरची, सगळ्या एकदम. सिस्टर कुठे धावावं न कळून मध्येच उभ्या राहिल्या. आईने आबांच्या छातीवर डोकं टेकलं. ती मोठ्याने रडली नाही. “सुटले बाई,” एवढंच म्हणाली.

माझी नजर पडद्यावर होती. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. वेळेचे रकाने भरत चालले होते. पलंग अकरा, बाहेर, चार दहा. पलंग सहा, बाहेर, चार दहा. पलंग बावीस. एकामागून एक सातही भरले.

मग आठवी ओळ उमटली.

पलंग अकरा. कृती, आत. वेळ, चार दहा. नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

असं होऊच शकत नाही. आधी नाव लिहिलं गेल्याशिवाय वेळ पडत नाही, मी चार महिने त्याच एका गोष्टीवर घालवले होते. मी मान वर केली. पलंगाभोवतीचा पडदा आतून कोणीतरी खांदा घासून गेल्यासारखा हलला. खिडकी बंद होती आणि वारा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी जुनी आवृत्ती परत टाकली. मोठ्या बाईंना सांगितलं की शून्य काही जमलं नाही, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. वडील नुकतेच गेलेत हे आठवून त्यांनी समोरची फाईल मिटली.  कात्रीने माझी चार महिन्यांची मेहनत माझ्यासमोर पुसून टाकली आणि मी त्याला चहा पाजला.

आई हल्ली माझ्याकडेच असते. तिला तिच्या घरातून आणलं त्या दिवसाबद्दल ती चकार शब्द काढत नाही आणि मीही विचारत नाही. आबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती एकटी राहते, रडत असेल, जेवत नसेल, या काळजीने मी सकाळी अकराच्या सुमाराला तिला न्यायला गेले. पण ती ताजीतवानी दिसत होती. केस विंचरलेले, ओटा लख्ख पुसलेला. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जो अरुंद बोळ जातो, तिथली खुर्ची आणि धान्याचा डबा तिने उचलून बाहेरच्या खोलीत आणून ठेवला होता.

“हे इथे का आणलंस?”

“त्यांना उभं राहायला अडचण होते गं,” ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिनेच आवाज खाली आणला, नव्या नवरीने गुपित सांगावं तशी.

“तुला हसू येईल. आबा परत आलेत. ते गेले त्याच दिवशी, मी घरी आले आणि दार लावलं, तर ते बोळात. मागच्या दाराला कपाळ टेकवून उभे. बोलत नाहीत. खात नाहीत. पण घरात माणूस असलं की बरं वाटतं.”

“आई... तू चेहरा पाहिलास त्यांचा?”

“पाठमोरेच असतात. त्यात काय बघायचं? चाळीसपंचेचाळीस वर्षांचा संसार माझा, पाठ ओळखणार नाही होय?” तिने माझ्याकडे यायला कपड्यांची पिशवी काढली. “उंची थोडी वाढल्यासारखी वाटते. आजारपणात अंग ताणून झोपायचे ना, त्याने असेल.”

बोळाकडचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या फटीतून फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास येत होता. आबा गेले ते बाहेर गेले. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं, वेळेसकट वाचलं होतं.

“आई, पिशवी राहू दे. तशीच चल. आत्ता.”

“अशी कशी चलू? ते काय म्हणतील?” तिने पदर सारखा केला. “काल तर पहिल्यांदाच मान वळवायला लागले होते. मीच म्हटलं, असू दे, दमला असाल. थांब, सांगून येते त्यांना.”

मी तिचा हात धरला होता. नक्की धरला होता. तरी तो कसा सुटला कळलं नाही. ती दार लोटून बोळात गेली. तिच्या सपातांचा आवाज चार पावलं ऐकू आला.

“अहो,” ती लाडाने म्हणाली, “लेक आलीय न्यायला. चार दिवस जाऊन येऊ का?”

मग काहीतरी फिरल्याचा आवाज झाला, फरशीवरून जड गोणी वळवल्यासारखा, सावकाश. मी जागची हलू शकले नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग आईचा आवाज आला. दारात आलेल्या अगदी परक्या माणसाशी बोलताना ती जो आवाज काढते तो, सभ्य आणि थोडा घाबरलेला.

“कोण हवंय आपल्याला?”